पेटवायचं माझ्याकडे लागलं

धूर या विषयावर मला कोणी काही शिकवायला येऊ नये, असं मला गेल्या वर्षीपर्यंत वाटत असे. हे मी गर्वाने म्हणत नाही, नोकरीच्या जोरावर म्हणतो. चौदा वर्षं मी डिझेल इंजिनांच्या कारखान्यात इंजिनाच्या मागच्या बाजूला उभा आहे. पुढची बाजू, म्हणजे ताकद, वेग, ॲव्हरेज वगैरे, हुशार लोक बघतात. मागून काय बाहेर पडतं ते मी बघतो. नळीत नळी घालायची, यंत्रावरचा आकडा वाचायचा आणि आकडा मर्यादेत असला की कागदावर सही करायची, एवढंच माझं काम. मर्यादेत नसला तर इंजिन जरा तापू द्यायचं, तोवर चहा घ्यायचा आणि पुन्हा वाचायचा. चहानंतर तो बहुतेक वेळा मर्यादेत येतो.

माझी सही मात्र कारखान्यात प्रसिद्ध आहे. ‘त्र्यंबक’मधल्या ‘त्र्य’ची शेपटी मी सबंध नावाखालून नेतो आणि शेवटी दोन टिंबं देतो. सावनीच्या, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या मुलीच्या, शाळेच्या डायरीत ही सही रोज लागते. तिच्या मते ती सरड्यासारखी दिसते.

गेल्या जूनमध्ये कंपनीने मला पुण्याहून चेन्नईला पाठवलं आणि मी, बायको ऋजुता आणि सावनी पश्चिम तांबरममधल्या चोवीस घरांच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आलो. घर छान होतं. स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, गेटाला लागून, पत्र्याच्या मोठ्या पेटीत इमारतीचा जनरेटर होता. त्याचं धुराडं म्हणे पूर्वी गच्चीच्याही वर जायचं, कारण कायद्याने ते इमारतीपेक्षा उंच लागतं. पण वर्दा वादळात ते पडलं, भंगारवाल्याने नेलं आणि उरलेला तुकडा आमच्या खिडकीशी येऊन थांबला. वीज गेली की चोवीस घरांचे पंखे फिरायचे आणि एका घरातली पोळी काळी व्हायची.

पोळीचं चाललं असतं. पण ऑगस्टपासून सावनीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी सिगारेट ओढतं का. मी म्हणालो, ओढत कोणी नाही, पण इमारत सोडते. त्यांनी न हसता पंप लिहून दिला. पोरगी पंप दप्तरात घेऊन शाळेत जायला लागली, आणि धूर ज्याच्या पोटापाण्याचा विषय आहे त्या माणसाला हे फार लागलं. धुराडं पुन्हा गच्चीवर न्यायचंच असं मी ठरवलं. किती सोपं काम होतं. दहा-बारा मीटर पाइप आणि चार क्लॅम्प.

सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णस्वामी रेल्वेतून निवृत्त झालेले. मला ते ‘मिस्टर त्र्यंबकम’ म्हणतात. शेवटचा ‘म’ त्यांनी आपणहून दिलेला आहे आणि परत घेत नाहीत. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत तीन मुद्दे मांडले. एक, जनरेटर थोडाच वेळ चालतो. दोन, तांबरमला वारा चांगला आहे. तीन, धुरामुळे डास येत नाहीत. पहिल्या मजल्यावर इतकी वर्षं एकालाही डेंग्यू झाला नाही, याचं श्रेय त्यांनी धुराड्याला दिलं. तरीही बदल हवाच असेल तर चोवीसपैकी सोळा घरांच्या सह्या पोंगलच्या, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या, आत आणा, म्हणाले.

मी सुबक अर्ज तयार केला आणि दारोदार फिरायला लागलो. माणसं फार चांगली. प्रत्येक घरात कॉफी मिळाली, सल्ला मिळाला, सही तेवढी मिळाली नाही. एकांनी ओव्याची वाफ सांगितली. दुसऱ्यांनी कुंडीतून करपूरवल्लीची पानं तोडून दिली, मधातून चाटवायला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सावनीला पहाटे गच्चीवर प्राणायामाला पाठवा म्हणून सुचवलं, म्हणजे धूर आला तरी तो नीट, खोलवर आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने आत जाईल. एका बाईंनी मला खिडकीशी नेऊन खाली बोट दाखवलं आणि विचारलं, ती पांढरी मोठी गाडी तुमचीच ना, डिझेलची? मी सांगितलं की ती कंपनीने कर्मचाऱ्यांना सवलतीत दिलेली आहे आणि मी ती गेटाबाहेर गेल्यावरच रेस करतो. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

महिनाभरात तीन सह्या झाल्या. त्यातली एक ऋजुताची होती.

मग मी सरकारी मार्ग धरला. एका कचेरीतल्या साहेबांनी धुराचा पुरावा मागितला. मी एक पांढरा रुमाल धुराड्याच्या तोंडाला बांधला आणि पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा तो असा काही काळा झाला की माझं मन भरून आलं. हा रुमाल मी टेबलावर घडी करून ठेवला आणि अंघोळीला गेलो. बाहेर येतो तो पुरावा दोरीवर वाळत होता. ऋजुता म्हणाली, घाण रुमाल टेबलावर ठेवायचा नसतो, आणि किती घासला तरी डाग गेले नाहीत. तेच डाग घेऊन मी कचेरीत गेलो. साहेबांनी रुमाल उजेडात धरला आणि हे चहाचेही असू शकतात असं मत दिलं. धूर मान्यताप्राप्त माणसाने मोजायला हवा, म्हणाले. मी अभिमानाने ओळखपत्र पुढे केलं, की मी धूरच मोजतो. ते म्हणाले, मग तर तुमचं मोजमाप मुळीच चालणार नाही, तुम्ही तक्रारदार आहात. त्यांनी मला दुसऱ्या कचेरीत पाठवलं, दुसरीने तिसरीत, आणि तिसरीने फाइल नीट वाचून सांगितलं की हा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा.

अशा रीतीने मी पुन्हा कृष्णस्वामींच्या दारात उभा राहिलो तेव्हा जानेवारी उजाडला होता. सावनीचा पंप बदलून मोठा झाला होता. पोंगलला आठ दिवस राहिले होते.

याच सुमाराला इमारतीबाहेरून रोज एक लाउडस्पीकर लावलेली गाडी जायची. तमिळमधून ती काय ओरडायची ते मला कळत नसे, पण त्यात दर दोन वाक्यांनी ‘भोगी’ हा शब्द यायचा आणि तो ऐकून मला गहिवरून यायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची आपली भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, उसाचे तुकडे अशी सगळी मंडळी एकत्र शिजलेली ती भाजी. ज्या गावात भाजीची एवढी जाहिरात होते त्या गावाला मी उगाच नावं ठेवली, असं वाटलं. आणि त्या गहिवरातच मला युक्ती सुचली. चोवीस घरांना खाली बोलवायचं, भोगीची भाजी-भाकरी खाऊ घालायची, आणि तोंडात घास असताना सह्या घ्यायच्या.

निरोप तमिळमधून जायला हवा होता. इमारतीत मराठी कळणारी एकच व्यक्ती, दुसऱ्या मजल्यावरच्या त्रिपुरसुंदरी मामी. निवृत्त शिक्षिका, मूळच्या तंजावरच्या. त्यांच्या घराण्याने तीनशे वर्षं तिकडे मराठी जपली आहे. ती मला निम्मी कळते, आणि माझी त्यांना निम्मी. देवनागरी मात्र त्या वाचत नाहीत, म्हणून लिफ्टपाशी गाठून मी त्यांना तोंडीच सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. त्यामुळे माझे शब्द मला अक्षरशः आठवतात.

“मामी, यंदाची भोगी आपण सगळ्यांनी मिळून गेटापाशी करू. घरोघरी वेगळी नको, एकच मोठी होऊ दे. ज्याच्या घरात जे असेल नसेल ते घेऊन यावं. पहाटे पाचला. पेटवायचं माझ्याकडे लागलं.”

“बेष,” मामी म्हणाल्या. “अस्क्यांना कळवते. तुम्ही नवीन येऊन एवढं करतांत, कृष्णस्वामींना आजवर सुचलं नाही की.”

त्यांनी ते तमिळमध्ये लिहून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस पडला. माझ्या धुराच्या मेसेजना इतक्या महिन्यांत एकही अंगठा आला नव्हता. कृष्णस्वामींनी तर दोन पाठवले. मग लोकांनी शंका विचारायला सुरुवात केली. मी फोनवर भाषांतर करून एकेकाला उत्तर देत होतो. एकाने विचारलं, जुन्या चटया आणल्या तर चालतील का. मी कळवलं, अवश्य आणा, लागतीलच. दुसऱ्याने मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांबद्दल विचारलं. चालतील, थोड्या वेळाचाच प्रश्न आहे, असं मी लिहिलं. कोणी गादी आणतो म्हणाला, तेव्हा वडीलधाऱ्यांची केवढी काळजी घेतात हे लोक, असं मी ऋजुताला म्हणालो. टायरची चौकशी आली तेव्हा मी क्षणभर थबकलो. पण मोठं पातेलं कलंडू नये म्हणून बुडाखाली टायर ठेवायची इकडची पद्धत असावी असा मी निष्कर्ष काढला आणि दोन टायर मंजूर केले.

भोगीच्या दिवशी ऋजुता तीन वाजता उठली. ओला हरभरा तांबरमच्या बाजारात मिळाला नव्हता, त्याऐवजी मोच्चै, म्हणजे इकडचा पावटा, दुप्पट घेतला होता. चोवीस घरांना पुरेल एवढी भाजी आणि उतरंडीएवढ्या भाकऱ्या घेऊन आम्ही तिघं पाचाला खाली उतरलो.

गेटासमोर माझ्यापेक्षा उंच ढीग रचलेला होता. तळाला दोन टायर, माझ्याच मंजुरीचे. त्यावर गादी, चटया, खुर्च्या, एक फुटका कूलर, प्लास्टिकच्या बाटल्यांची पोती, आणि सगळ्यात वर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या बारावीच्या वह्या. लहान मुलं छोटे ढोल बडवत होती. सगळी इमारत न्हाऊन-माखून उभी होती. मी काही बोलायच्या आत कृष्णस्वामींनी माझ्या खांद्यावर जरीची शाल घातली, छोटंसं भाषण केलं आणि माझ्या हातात काडेपेटी दिली.

इकडची भोगी म्हणजे वर्षभराचं जुनंपानं पहाटे जाळायचा सण, हे मला त्या क्षणी, हातात काडेपेटी असताना कळलं. लाउडस्पीकरची गाडी आठ दिवस तेच कळवळून सांगत होती, की भोगीला काही जाळू नका, आम्ही येऊन घेऊन जाऊ. त्यामुळे यंदा सगळे बिचकून होते. चेन्नईत त्या पहाटे एवढा धूर साठतो की विमानं खोळंबतात. तेव्हा कोणीतरी पुढे होऊन जबाबदारी घेणारा हवा होता, आणि तो त्यांना मिळाला होता. शिवाय धुराच्याच खात्यातला. धुराचा माणूसच परवानगी देतोय म्हटल्यावर कोणाला शंका उरली नव्हती.

सावनी माझा सदरा ओढत होती. “बाबा, हे सगळं तू जाळणार आहेस?”

मी मामींकडे वळलो आणि हे काय म्हणून विचारलं.

“हे काय म्हणजे? भोगी की,” मामी म्हणाल्या. “एकच मोठी म्हणून तुम्हीच सांगिटलांत. पेटवणं माझ्याकडे म्हणून पण तुम्हीच सांगिटलांत. आत्तां कसाला मागे सरतांत?”

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. मामींनी झाकण उचलून आत पाहिलं. त्यांना ती उसाचे तुकडे पडलेली आमटी वाटली. मी समजावत होतो, मामी भाषांतर करत होत्या, लोक कधी पातेल्याकडे बघत होते कधी माझ्याकडे. मागून कोणीतरी लवकर करा, उजाडतंय, असं म्हणालं. माझ्या अंगावर शाल होती, ती काढावी की राहू द्यावी हेही मला सुचत नव्हतं. एवढा अपमान मानासकट माझा आजवर कोणी केला नव्हता.

आणि वीज गेली.

जनरेटरने दोन आचके दिले आणि तो सुरू झाला. जानेवारीतल्या पहाटेला तांबरममध्ये दव असतं आणि पान हलत नाही. कृष्णस्वामींचा चांगला वारा त्या दिवशी रजेवर होता. धुराड्यातून निघालेला काळा लोट खिडकीपर्यंत चढला, थांबला आणि सावकाश खाली बसला, सरळ माणसांवर. आधी ढोल बंद पडले. मग खोकला सुरू झाला. न्हालेली, कुंकू लावलेली सगळी इमारत डोळे पुसत एकमेकांना चाचपडायला लागली.

“कोणी पेटवलं? मी अजून फोटो काढला नाही,” कृष्णस्वामी धुरातून खोकत ओरडले.

मी काडेपेटी उघडून दाखवली. एकही काडी ओढलेली नव्हती. ढीग जसाच्या तसा होता.

हळूहळू सगळ्यांनी वर पाहिलं. धुराड्याकडे बघावं लागेल असं इतक्या वर्षांत त्यांच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं. सावनी तोवर पायरीवर बसली होती. तिने पंप तोंडाला लावला, एकदा दाबला, मनातल्या मनात दहा आकडे मोजले, पुन्हा दाबला. ती हे इतक्या सवयीने करत होती की बघणाऱ्याला त्रास व्हावा. छातीतली शिट्टी जनरेटरच्या आवाजातही ऐकू येत होती. खरं सांगायचं तर, आता सगळ्यांनी हे बघितलं याचं मला समाधान वाटलं. बापाला असं वाटू नये, पण वाटलं.

मामींनी माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली. “अर्ज कुठाय?” म्हणाल्या. त्या पहाटेची पहिली सही त्यांची. उजाडेपर्यंत आधीच्या तीन धरून एकोणीस झाल्या, आणि विसावी कृष्णस्वामींची, डोळे पुसत केलेली. तेवढ्यात लाउडस्पीकरची गाडी आली आणि तिच्यामागून आलेल्या ट्रकने ढीग उचलून नेला, टायर धरून. तो पुढे कुठे गेला हे मी विचारलं नाही. भाजी सगळी संपली. कृष्णस्वामींनी दोनदा घेतली आणि हे सांबार पुढच्या भोगीलाही करा, म्हणाले.

फेब्रुवारीत नवं धुराडं चढलं, गच्चीच्याही वर. मला धूर-उपसमितीचा अध्यक्ष केलं आणि जनरेटरच्या पेटीची किल्ली दिली. उपसमितीत दुसरं कोणी नाही. सावनीची शिट्टी कमी झाली. वीज गेली की मी मुद्दाम खिडकी उघडून उभा राहायचो आणि छाती भरून श्वास घ्यायचो.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी सावनीच्या डायरीवर सही करत होतो तेव्हा बेल वाजली. दारात एक सडपातळ गृहस्थ, हातात सुबक टाइप केलेला अर्ज. नाव राममूर्ती. मागच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतात. ते फार अदबीने बोलले. त्यांची आई दिवसभर खिडकीशी बसते, तिला दुसरा विरंगुळा नाही. गेले पंधरा दिवस ती खिडकी बंद आहे. तुमचं धुराडं नेमकं आमच्या खिडकीच्या उंचीला आलंय.

मी त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं की जनरेटर थोडाच वेळ चालतो. पाचव्या मजल्यावर वारा तर फारच चांगला. शिवाय डास येत नाहीत. डासांपाशी मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण मी भरात होतो. मी ओव्याची वाफही सांगितली. मग मी अध्यक्ष या नात्याने म्हणालो की आमचा धूर कायद्याच्या मर्यादेत आहे, आणि त्याचा कागद मी तुम्हाला आत्ता दाखवतो.

किल्ली घेऊन आम्ही खाली गेलो. सावनीही डायरी घेऊन मागोमाग आली. पत्र्याच्या दाराला आतून प्लास्टिकची एक पिशवी चिकटवलेली होती. तिच्यात कारखान्याचा चाचणी अहवाल होता, अकरा वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. इंजिनाचा नंबर, धुराचा आकडा, समोर ‘मर्यादेत’ असा शिक्का. मी तो राममूर्तींच्या हातात विजयाने ठेवणार, तेवढ्यात सावनीने मान आत घातली.

“बाबा, हा तर आपला सरडा आहे.”

शेपटी सबंध नावाखालून गेली होती आणि शेवटी दोन टिंबं होती.

पुण्याला असताना मी दिवसाला वीस-वीस इंजिनांवर सह्या केल्या आहेत. हे इंजिन पहिल्याच वाचनात पास झालं होतं की चहानंतर, ते मला काही केल्या आठवेना. मी पिशवीत आणखी काही कागद आहे का ते पाहिलं. नव्हता.

राममूर्तींनी आपला अर्ज पेटीच्या पत्र्यावर ठेवला आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. पत्रा अजून कोमट होता. मी सही केली. सावनीने एका हातात अहवाल घेतला, दुसऱ्या हातात अर्ज, आणि वर्गात दोन चित्रांतले फरक शोधतात तशी बराच वेळ बघत राहिली.

“काहीच फरक नाही,” ती म्हणाली. “दोन्हीकडे तूच आहेस.”